लास्ट किती?

जुनी वस्तू ऑनलाइन विकायला टाकली की पहिला मेसेज पाच-दहा मिनिटांत येतो आणि त्यात दोनच शब्द असतात. ‘लास्ट किती?’ नमस्कार नाही, वस्तू चालू आहे का नाही, किती जुनी आहे नाही. जाहिरातीत लिहिलेला आकडा म्हणजे किंमत नाही, ती फक्त बोलण्याची सुरुवात आहे, हे समोरच्याने गृहीत धरलेलं असतं. आणि खरं सांगायचं तर आपणही ते गृहीत धरूनच हजार-दोन हजार वर लावलेले असतात. म्हणजे आकडा फुगवलेला आहे हे आपल्याला माहीत, त्याला माहीत, आणि त्याला माहीत आहे हेही आपल्याला माहीत. तरी दोघंही गंभीर चेहऱ्याने सुरुवात करतात.

गेल्या वर्षी मी आईची दोन मशिनं विकली. एक पिकोचं आणि एक ‘जुकी’. तिच्या लाइनीत मोटरवर चालणाऱ्या मोठ्या मशीनला सगळे जुकीच म्हणतात, कंपनी कुठली का असेना. चिंचवडच्या आमच्या घरात बाहेरच्या खोलीत तिने बावीस वर्षं ब्लाउज शिवले, साड्यांना फॉल-पिको केलं. मग मान धरायला लागली, हाताला मुंग्या यायला लागल्या, आणि डॉक्टरांनी खाली मान घालून बसायचं काम बंद करायला सांगितलं. ऑफिसातून निवृत्त होणाऱ्या माणसाला निदान शाल-श्रीफळ तरी मिळतं. आईच्या बाबतीत काम थांबल्याची एकच खूण होती. खोलीतली जागा मोकळी करायची होती. फोटो मी काढले, जाहिरात मी लिहिली, अकाउंट माझं. मेसेज मात्र आई वाचायची, चष्मा कपाळावर सरकवून, माझ्या खांद्यावरून.

किंमत ठरवतानाच आमचं पहिलं वाजलं. जुकीला मी 14,400 लावले आणि पिकोला 6,900 म्हणत होते. आई म्हणाली, ‘‘सरळ सात लिही. चपलांचं दुकान आहे का आपलं?’’ मग पिकोला 7,000 झाले. या विषयावर चक्क संशोधन आहे, हे मला नंतर कळलं. ईबे या साइटवरच्या व्यवहारांचा अभ्यास करणाऱ्या बॅकस, ब्लेक आणि टाडेलिस या तीन अर्थशास्त्रज्ञांचा एक निबंध 2019मध्ये आला. शंभर डॉलरच्या पटीतला गोल आकडा लावलेल्या वस्तूंना आजूबाजूच्या ‘अचूक’ आकड्यांपेक्षा 5 ते 8 टक्के कमी ऑफर येतात. पण त्या 6 ते 11 दिवस लवकर येतात, आणि वस्तू विकली जाण्याची शक्यताही थोडी जास्त असते. थोडक्यात, गोल आकडा म्हणजे विकणाऱ्याने न बोलता सांगितलेलं असतं, की बाबा, मला फार ताणायचं नाहीये, या. आईने हे कुठे वाचलं नव्हतं. तिला फक्त खोली मोकळी करायची घाई होती आणि तिचा आकडा तेच बोलत होता.

मग मेसेज सुरू झाले. (प्रोफाइलवर माझं नाव आणि फोटो असूनही निम्मे लोक मला ‘भाऊ’ म्हणत होते. त्यावर वेगळा लेख होईल.) आईने दोन दिवसांत त्यांची वर्गवारी करून टाकली. ‘इंटरेस्टेड’ एवढंच लिहून गायब होणारे, यांना उत्तर द्यायचं नाही. ‘नवीन नऊला मिळतं’ म्हणणारे, यांना ‘मग नवीनच घ्या, चांगलं असतं’ असं मनापासून लिहायचं. जुकीला ‘10 ला देता का, आत्ता टेम्पो घेऊन येतो’ म्हणणारा आला, तेव्हा मला राग आला, आईला नाही. ‘‘हा खरा आहे,’’ ती म्हणाली. ‘‘टेम्पोचं भाडं त्याने मनात धरलंय. ज्याला घ्यायचं नसतं तो न्यायचं कसं याचा विचार करत नाही.’’

मला तो मेसेज उर्मट वाटला होता. तिने त्यातला फक्त टेम्पो वाचला. बावीस वर्षं दारात उभ्या राहिलेल्या बायकांचं ‘ताई, जरा कमी करा ना’ ऐकून तिला एक सवय लागली होती. आकडा ऐकायचा, पण त्याच्या आजूबाजूला काय येतंय ते जास्त ऐकायचं. ‘समोरची तर इतक्यात करते’ म्हणणारी बाई समोरचीकडे जात नाही, कारण जायचं असतं तर गेली असती. ‘महिनाअखेर आहे’ म्हणणारीला पैसे कमी करून नको असतात, पाच तारखेपर्यंत थांबायला हवं असतं. या दोघींना एकच उत्तर दिलं तर एक गिऱ्हाईक तरी जातं.

आता ईबेवर बघा. तिथे ‘बेस्ट ऑफर’ नावाची सोय आहे. घेणारा आकडा पाठवतो. विकणारा तो मान्य करू शकतो, नाकारू शकतो किंवा आपला आकडा उलट पाठवू शकतो. अमुक रकमेच्या खालची ऑफर आपोआप नाकारली जावी अशी सेटिंगही करून ठेवता येते, म्हणजे ‘लास्ट किती’वाल्याचं तोंडही बघायला नको. सगळं आकड्यांत. मग मे 2016मध्ये ईबेच्या जर्मन साइटने एक छोटा बदल केला. ऑफरसोबत चार ओळींचा मेसेज लिहायची सोय दिली, पण फक्त कॉम्प्युटरवरून येणाऱ्यांना. मोबाइलवाल्यांना नाही. संशोधकांना आयताच प्रयोग मिळाला. एकच बाजार, एकाच वेळी, काहीजण बोलू शकतात आणि काहीजण नाही. निष्कर्ष असा निघाला की ज्यांनी ही सोय वापरली, त्यांच्यात बोलणी फिसकटण्याचं प्रमाण 14 टक्क्यांनी घटलं.

पण मला त्यातली पुढची गोष्ट जास्त आवडली. लोकांनी मेसेज लिहायला लगेच सुरुवात केली, परिणाम मात्र हळूहळू दिसला. कारण काय लिहायचं हे आधी कुणाला येतच नव्हतं. पुन्हापुन्हा व्यवहार करणारे लोक हळूहळू शिकत गेले आणि मेसेजमधला मजकूर बदलत गेला. बोलायची सोय एका दिवसात देता येते, बोलणं नाही.

आपल्याकडे उलटी परंपराही आहे, अजिबात न बोलण्याची. वाशीच्या फळबाजारात आंब्याचे भाव रुमालाखाली ठरत, ती हत्ता पद्धत. दोघांचे हात एका कापडाखाली, बोटं दाबून आकडा सांगायचा, बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. गुरांच्या बाजारातही हेच. ज्याचा माल विकला जातोय त्या शेतकऱ्यालाच भाव कळत नाही, हा त्यावरचा आक्षेप अगदी रास्त. पण मला वेगळीच गोष्ट दिसते. तिथे शब्दांशिवाय चालायचं, कारण त्या दोन हातांची ओळख जुनी असायची. कोण उधारी बुडवतो, कोण शब्द पाळतो, हे रुमाल टाकायच्या आधीच ठाऊक. आपल्या फोनवर ओळख शून्य. समोर एक गोल फोटो, बहुतेक वेळा मोटारसायकलचा किंवा महाराजांचा. म्हणून सगळा भार त्या दोन ओळींवर येतो.

आणि त्या दोन ओळी खोट्या असू शकतात. तिसऱ्या दिवशी एकाने लिहिलं की तो सैन्यात आहे, बदली झालीये, बायकोला मशीन हवंय, बघायची गरज नाही, पूर्ण पैसे आत्ता पाठवतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करा. पैसे घ्यायला काही स्कॅन करावं लागत नाही आणि यूपीआयचा पिनही टाकावा लागत नाही, तो लागतो द्यायला. हे मला माहीत होतं. आईला माहीत नव्हतं, तरी ती माझ्या आधी म्हणाली, ‘‘ब्लॉक कर.’’ का? ‘‘एक रुपया कमी कर म्हणाला नाही. मशीन न बघता, भाव न करता कोण घेतं?’’ तिच्या हिशेबात घासाघीस म्हणजे खरेपणाचा पुरावा. ज्याच्या खिशातून पैसे जाणार असतात तो रडतोच.

अशा मेसेजांचं खरं नुकसान पैशांत मोजता येत नाही. दोन-तीन असे आले की आपण प्रत्येक गोष्ट सांगणाऱ्याकडे संशयाने बघायला लागतो. मी तर जाहिरातीत ‘फिक्स्ड प्राइस, नो टाइमपास’ असं लिहून टाकणार होते. पुष्कळजण लिहितात, आणि मी त्यांना दोष देणार नाही. दिवसाला तीस मेसेज आले की माणुसकी टाइप करायचा कंटाळा येतो. पण त्या चार शब्दांनी जो गुपचूप परत जातो तो टाइमपासवाला नसतो. टाइमपासवाला ते वाचतच नाही. परत जातो तो संकोची माणूस.

तळेगावहून एक मेसेज आला होता, पिकोसाठी. जरा लांबलचक. ‘ताई नमस्कार, मी आत्ता फॉल बाहेर देऊन करून घेते त्यात काही उरत नाही, घरीच करायचा विचार आहे, माझं बजेट 5,000 आहे, राग मानू नका.’ मला वाटलं, आली आणखी एक कहाणी. आईने फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वतः टाइप केलं, एकेक अक्षर शोधत. भावाचं एक अक्षर नाही. विचारलं, ‘शिफॉनला सुई कितीची लावता?’ उत्तर दोन मिनिटांत. ‘11 ची. पण मशीन जुनं आहे, कधीकधी कापड ओढतं.’ आई हसली. ते वाक्य बनवून सांगता येत नाही.

मग खरी बोलणी. ईबेचा आणखी एक अभ्यास सांगतो की दोन आकड्यांच्या बरोबर मधला आकडा मान्य होण्याची शक्यता जास्त असते. मी त्या हिशेबाने सहा म्हणा म्हणाले. आईने साडेसहा सांगितले. समोरून साडेपाच. आई साडेसहावरच थांबली आणि लिहिलं, ‘पैसे कमी नाही करत, पण बॉबीनचा डबा आणि माझ्याकडची सगळी रिळं देते. शंभरावर रंग आहेत. तुम्हाला वर्षभर दोरा घ्यायला नको.’ थोड्या वेळाने, ‘आणि दोन हजार पुढच्या महिन्यात दिलेत तरी चालतील.’

मी म्हटलं, रिळं वेगळी विकली असती तर हजार-बाराशे आले असते. ‘‘कुणाला?’’ ती म्हणाली. ‘‘ज्याला पिको करायचंय त्यालाच ना?’’

जुकीचं मात्र असं काही झालं नाही. टेम्पोवाला 12,800वर आला, मी 13,000 म्हटलं, तो ठीक म्हणाला. जुन्या मशिनांचा व्यापारी होता. आला, पायडल दाबून बघितलं, पैसे दिले, दहा मिनिटांत मशीन जिन्यावरून खाली. जाताना त्याने आईला विचारलं, ‘‘काकू, तेल कुठलं घालत होता? आवाज चांगला आहे.’’ तिने सांगितलं. मला वाटत होतं तिला वाईट वाटेल, तर ती म्हणाली की त्याचं वागणं स्वच्छ होतं, त्याला धंदा करायचा होता आणि आपल्याला जागा. बारीक आवाजात एवढंच म्हणाली की त्या मशीनवर तिने माझ्या फीचे पैसे काढले होते आणि 13,000मध्ये ते धरलेले नाहीत. मग आत जाऊन कुकर लावला.

तळेगावच्या बाईंचे दोन हजार पुढच्या महिन्याच्या सहा तारखेला आले, सोबत एक फोटो. निळ्या साडीचा पिको केलेला काठ. आईने तो दोन बोटांनी मोठा करून कितीतरी वेळ बघितला. मग माझ्याकडे फोन न देता स्वतःच लिहायला घेतलं, की टाका डावीकडे सैल पडतोय, वरच्या दोऱ्याचं टेन्शन अर्धा आटा घट्ट करा.