पहिला आटा

कर्जतच्या बाजारपेठेतील एका जुन्या हार्डवेअरच्या दुकानात आषाढ वद्यातील एका दुपारी पिठाच्या गिरणीचे मालक घाईघाईने आले. गोदड महाराजांची रथयात्रा कामिका एकादशीला असते, आणि ती आता चार-पाच दिवसांवर आली होती. यात्रेच्या दिवसांत घरोघरी पाहुणे असतात आणि गिरणीपुढे डब्यांची रांग लागते. नेमक्या याच वेळी राशीन रस्त्यालगतची त्यांची गिरणी सकाळपासून बंद पडली होती.

“चार सुती फाउंडेशन बोल्ट चार द्या, आणि सिमेंटचं एक पोतंही काढा,” ते म्हणाले.

गल्ल्यावर नातू होता. पुण्याहून अभियांत्रिकी शिकून नुकताच परतलेला. तो बोल्ट काढायला उठला, तोच आत बसलेल्या दादाजींनी विचारले, “आटे गेलेत, की बोल्ट गेलाय?”

प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर गिरणीवाल्यांपाशी नव्हते. बेअरिंग बदलण्यासाठी गिरणीची लोखंडी चौकट पायावरून उचलली होती. पुन्हा बसविताना ती बोल्टांच्या टोकांवर आदळली. आता नट धरतच नाही, एवढेच त्यांना ठाऊक होते. पाया फोडून नवे बोल्ट बसवायचे, असे मिस्त्रीने सांगितले होते. काँक्रीट मुरायला किमान आठवडा जाणार, म्हणजे यात्रा हातची गेली.

दादाजींनी ड्रिल मशीन, तेलाची बाटली आणि कप्प्यातील एक लिंबाएवढा पोलादी शंकू पिशवीत घातला. “चल,” ते नातवाला म्हणाले.

हा शंकू आतून पोकळ असतो आणि त्याच्या पोकळीत तिरप्या धारा असतात. त्याचा षट्कोनी दांडा ड्रिलच्या चकमध्ये बसतो. बोल्टच्या टोकावर टेकवून फिरविला की टोकाचा दबलेला, चिरडलेला कंगोरा तो कातरून काढतो आणि टोक चहूबाजूंनी सारखे निमुळते करतो. साधारण ४ ते १९ मिलिमीटर जाडीच्या बोल्टांना तो चालतो. नट बोल्टवर चढतो तो पहिल्या आट्याचे तोंड धरून. ते तोंड मिटले असेल, तर खालचे वीस आटे निर्दोष असूनही बोल्ट निकामी ठरतो. पाना लावून जबरदस्ती केली, की नट तिरपा चढतो आणि चांगले आटेही कापले जातात.

गिरणीत पोहोचल्यावर नातवाने सोबत आणलेला नट पहिल्या बोल्टला लावून पाहिला. तो बसेना. दादाजींनी नट हातात घेतला आणि परत दिला. “हा बारा मिलिमीटरचा आहे. बोल्ट चार सुती आहे. यात बोल्टचा काय दोष?”

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. पूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. १८४१ साली इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी सर्वांसाठी एकच माप सुचविले. त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा आणि अर्ध्या इंचाच्या बोल्टवर एका इंचात १२ आटे. आजच्या मेट्रिक बोल्टचा कोन ६० अंशांचा असतो, आणि १२ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टवर दोन आट्यांतील अंतर १.७५ मिलिमीटर. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. एकमेकांवर चढत मात्र नाहीत.

चौकट लाकडी ठोकळ्यांवर बाजूला ठेवलेली होती, त्यामुळे चारही बोल्ट मोकळे होते. दादाजींनी टोकाला तेलाचा थेंब सोडला, नातवाला चष्मा लावायला आणि बाह्या आवरायला सांगितले, व शंकू बोल्टच्या रेषेत सरळ धरायला लावला. “वेग कमी ठेव. दाबू नकोस. धारेला तिचं काम करू दे.”

पहिल्या खेपेस हात कलला आणि मशीन थरथरले. दुसऱ्या खेपेस बारीक चकचकीत किस पडू लागला. काही क्षणांत टोक स्वच्छ झाले. ब्रशने किस झाडून दादाजींनी योग्य मापाचा नट पाना न घेता नुसत्या बोटांनी फिरविला. तो तळापर्यंत गेला. दुसरा बोल्टही तसाच सुधारला. तिसऱ्याच्या मधल्या आट्यांनाही मार होता. तेथे शंकूचा उपयोग नव्हता. शंकू टोक साफ करतो, नवे आटे पाडत नाही. त्यावर त्यांनी तेल घालून डाय हळूहळू फिरविली.

गिरणीवाल्यांच्या चेहऱ्यावर हसू आले. चौथ्या बोल्टचे टोक तर सर्वांत कमी बिघडले होते. पण दादाजी खाली वाकून त्याच्या बुडाशी हातोडीने हलकेच ठोकू लागले. गंजाचा पापुद्रा गळून पडला. फरशी धुण्याचे पाणी वर्षानुवर्षे तेथे साचत आले होते. काँक्रीटलगत बोल्ट जवळजवळ निम्मा झिजला होता.

“हा नाही चालणार,” ते म्हणाले.

“शेठजी, नट तर बसेल ना? यात्रेपुरतं भागवू. पुढचं पुढे पाहू.”

“नट बसेल. पण चालत्या गिरणीचे हादरे हा सोसणार नाही. आणि पट्ट्याजवळ तुमचाच मुलगा उभा असतो.”

गिरणीवाले नाराज झाले. बंद राहायचे तर इतका वेळ कशाला घालविला, असेही बोलून गेले. दादाजींनी उत्तर दिले नाही. त्यांनी नगरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला फोन लावून केमिकल अँकर सकाळच्या एसटीने पाठवायला सांगितले. तोवर सूर्य मावळला होता. सूर्यास्तानंतर ते अन्न घेत नसत; त्या दिवशी जेवण राहिले.

दुसऱ्या दिवशी जुना बोल्ट जमिनीलगत कापला, चौकटीच्या पायात दोन इंच बाजूला नवे भोक पाडले आणि त्याखाली काँक्रीटमध्ये छिद्र घेऊन, धूळ पूर्ण काढून, अँकरचे रसायन भरले. नवी आट्यांची सळई मापाने कापली, तेव्हा करवतीने तिच्याही टोकाचा आटा मिटला. नातवाने न सांगता शंकू उचलला. काही तासांनी रसायन घट्ट झाले. संध्याकाळी चौकट बसवून चारही नट आवळले, उघड्या आट्यांना ग्रीस लावले आणि गिरणी सुरू झाली.

बिलात सळई, नट आणि रसायन एवढेच होते. रात्री हिशेब करताना नातू म्हणाला, “दादाजी, चार बोल्ट आणि सिमेंट विकलं असतं, तर यापेक्षा जास्त सुटले असते.”

“सुटले असते,” दादाजी म्हणाले, आणि वही मिटली.

यात्रा पार पडली. पुढच्याच आठवड्यात एक शेतकरी पंपाचा बोल्ट रुमालात गुंडाळून दुकानात आला आणि तसाच नवा मागू लागला. दादाजी अजून स्थानकातून परतले नव्हते. नातवाने बोल्ट उजेडात धरला, नखाने टोकापासून बुडापर्यंत चाचपला आणि विचारले, “काका, आटे गेलेत, की बोल्ट गेलाय?”