विषुववृत्तावरील नगरी

विषुववृत्त म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रणरणते ऊन आणि घनदाट अरण्य उभे राहते. इक्वेडोर या देशाच्या नावाचा अर्थच मुळी विषुववृत्त; परंतु त्याच्या राजधानीत, कीतो नगरीत, पहिल्याच सायंकाळी मला स्वेटर चढवावा लागला. नगरी समुद्रसपाटीपासून सुमारे २,८५० मीटर उंचीवर वसली आहे. चार पायऱ्या चढताच धाप लागते, आणि पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळू लागते. आम्हां भातखाऊ माणसांनी हे ध्यानात ठेवावे!

जुन्या नगरीतील जेसुइटांचे प्रार्थनामंदिर आतून सोन्याच्या वर्खाने मढविलेले आहे. जुन्या गोव्यातील बॉम जेझूचे मंदिर १६०५ साली पुरे झाले, आणि त्याच साली जेसुइटांनी येथे हे बांधावयास घेतले. ते पुरे होण्यास १७६५ साल उजाडले. गोव्याच्या माणसाला तेथे परके वाटत नाही. पण इतक्या सोन्याने डोळे लवकर थकतात, आणि माझे मन तर दुसरीकडेच ओढ घेत होते.

विद्यार्थिमित्रहो, पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे, हे आपण एका ओळीत पाठ करतो. न्यूटनचे मत तेच होते; पॅरिसच्या कासिनी घराण्यातील ज्योतिर्विदांचे मत नेमके उलट, पृथ्वी ध्रुवांकडे लांबट आहे असे. निर्णय व्हावा म्हणून फ्रेंच विज्ञान अकादमीने १७३५ साली गोदँ, बूगेर आणि ला कोंदामीन यांना इकडे धाडले. दुसरी तुकडी उत्तरेस लॅपलंडात गेली. कीतोजवळील यारुकीच्या पठारावर लाकडी दांड्या टोकाला टोक लावीत त्यांनी सुमारे १२ किलोमीटरांची पायारेषा मोजली. आज नगरीचा विमानतळ त्याच परिसरात आहे. मग शिखराशिखरांवरून त्रिकोणामागून त्रिकोण! धुके हटेपर्यंत कुडकुडत बसावयाचे. हे चालू असतानाच, १७३७ साली, लॅपलंडची तुकडी पॅरिसला परतली आणि न्यूटनचा पक्ष खरा ठरला. ती वार्ता या डोंगरांत पोहोचल्यावर त्या मंडळींना काय वाटले असेल! तरी त्यांनी मोजणी सोडली नाही. सुमारे तीन अंशांचा कंस पुरा करूनच ते थांबले. बूगेर १७४४ साली, तर ला कोंदामीन १७४५ साली पॅरिसला परतला.

नगरीच्या उत्तरेस सुमारे २५ किलोमीटरांवर या कार्याचे स्मारक आहे: १९८२ साली पुरा झालेला ३० मीटर उंचीचा मनोरा, आणि जमिनीवर विषुववृत्ताची पिवळी रेघ. रेघेच्या दोहों बाजूंस एकेक पाय ठेवून लोक छायाचित्र काढून घेतात, मीही घेतले. उपग्रहांच्या साहाय्याने मोजले असता खरे विषुववृत्त तेथून सुमारे २४० मीटर उत्तरेस भरते. मनोऱ्याकडे नेणाऱ्या वाटेवर त्या शास्त्रज्ञांचे अर्धपुतळे आहेत. त्यांच्या दुर्बिणी आणि तंबू पाठीवरून शिखरांपर्यंत वाहून नेणाऱ्या तेथील आदिवासी हमालांपैकी एकाचाही चेहरा मला त्या रांगेत दिसला नाही. रांगेच्या टोकाशी मी जरा वेळ उभा राहिलो; मग पावले मोजीत उत्तरेकडे चालू लागलो.