मधला पडदा

आमच्या मंगरूळपीरला रेल्वे स्टेशन नाही. विमानाशी आमचा संबंध एवढाच, की अंगणात उभे राहून आकाशातली पांढरी रेघ पाहायची आणि पोरांना दाखवायची. विमानात सगळ्यांची आसने एस.टी.सारखी एकसारखी नसतात, हे आम्ही ऐकून होतो. अनुभवायला मात्र २०१९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी हज कमिटीच्या कुर्ऱ्यात आमचे कव्हर लागले. कव्हरमध्ये तिघे होतो. आम्ही दोघे नवरा-बायको आणि सत्तरी ओलांडलेल्या आमच्या खाला.

निघण्याआधी रिवाजाप्रमाणे दावत केली. हजला जाणारा माणूस आपल्या-परक्या सर्वांची माफी मागून निघतो. "कहासुना माफ करा" म्हणतो, देणे असेल तर फेडतो. दावतीला शाळेतले सहकारी, कचेरीतले साहेब, व्यापारी मंडळी आणि सगळा मोहल्ला होता. अंगणाच्या मधोमध आम्ही कनात लावली. एका बाजूला टेबल-खुर्च्या आणि पंखे, दुसऱ्या बाजूला दरीवर दस्तरखान. कुणी कुठे बसायचे ते आम्ही तोंडाने सांगितले नव्हते. पण दारावर उभ्या असलेल्या भाच्याला ते न सांगताच कळले होते. बारा वर्षे आमच्या मुलांना शाळेत नेणारे रिक्षावाले चाचा चुकून खुर्च्यांकडे वळले, तेव्हा भाच्याने हात धरून त्यांना कनातीपलीकडे नेले. आम्ही ते पाहिले आणि काही बोललो नाही. जेवणानंतर चाचांच्या गळ्यात पडून आम्ही माफी मागितली, पण नेमकी कशाची, ते आमच्या मनातही नव्हते.

समृद्धी महामार्ग तेव्हा सुरू झाला नव्हता. कारंजा, अमरावती करत आम्ही नागपूरला पोहोचलो. वाटेत खाला आमच्या आजोबांच्या हजची गोष्ट सांगत होत्या. आजोबा १९६०च्या दशकात गेले. मोटारीने अकोला, तिथून थर्ड क्लासने मुंबई, मुसाफिरखान्यात मुक्काम आणि मग मोगल लाइनचे जहाज. पैसेवाल्यांना केबिन, बाकीच्यांना डेक. आजोबा डेकचे मुसाफिर. आपली वळकटी आपणच उचलायची, आणि समुद्र खवळला की तिथेच पडून राहायचे. १९७४ साली रेल्वेतून थर्ड क्लास हे नाव गेले आणि १९९५ साली हजची जहाजेही बंद झाली. नावे गेली, दर्जे मात्र शिल्लक राहिले.

विमानातल्या दर्जांचा इतिहास नंतर वाचला, तेव्हा गंमत वाटली. सुरुवातीच्या काळात बहुतेक विमानांत एकच वर्ग असे, कारण विमानात बसणारा माणूसच मुळात श्रीमंत असायचा. १९५२ साली अटलांटिक महासागरावरच्या मार्गांवर स्वस्त टूरिस्ट वर्ग निघाला आणि १९५८ साली इकॉनॉमी. म्हणजे कमी पैसेवाल्याला आत घेतले, तेव्हा मध्ये पडदा आला. आपल्याकडे २००३ साली एअर डेक्कनने सगळ्यांना एकाच वर्गात बसवून स्वस्तात नेले, ती वेगळी वाट. पण लांबच्या प्रवासात पडदा टिकून आहे. त्यामागे हिशेबही आहे. पुढच्या मोजक्या खुर्च्यांचे भाडे मागच्या खुर्च्यांच्या कितीतरी पट असते. मागे दोन रांगांत साधारण तीस-बत्तीस इंचांचे अंतर. पुढे पहिल्या वर्गात खुर्चीचा पलंग होतो. चाके मात्र सर्वांची एकदमच जमिनीला टेकतात.

नागपूरहून जिद्दाला जाताना मीकात आकाशातच ओलांडली जाते. म्हणून पुरुष विमानात चढण्याआधीच एहराम बांधतात. दोन न शिवलेल्या पांढऱ्या चादरी, बस्स. कोण मास्तर, कोण जमीनदार, कोण हमाल, काही ओळखू येत नव्हते. आमचे डोळे भरून आले. डोळे पुसत आत शिरलो, तर समोर रुंद, मऊ खुर्च्यांच्या दोन रांगा! त्या ओलांडून आम्ही आमच्या जागी आलो. गुडघे समोरच्या खुर्चीला टेकले. अंगावर एहराम, ओठांवर लब्बैक आणि मनात एकच प्रश्न, पुढे कोण बसणार? वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही, आम्हाला हेवा वाटला. कपडे सारखे झाले म्हणजे मन सारखे होते, असे नाही.

थोड्या वेळाने विमानातल्या मुलीने व्हीलचेअरवरून आलेल्यांना आणि गुडघ्यांनी अधू असलेल्या म्हाताऱ्यांना एकेक करून पुढे नेले. खालांनाही हाताला धरून नेले. त्या रुंद खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी एकानेही जादा पैसे भरले नव्हते. ज्याचे पाय दुखतात, त्याला पाय पसरायला जागा, एवढाच नियम. आमचा हेवा कुठल्या कुठे गेला. विमान उडाल्यावर त्या मुलीने सवयीने मधला पडदा ओढायला घेतला, तेव्हा खालांचा आवाज आला, "बेटी, पडदा राहू दे. माझी माणसं मागं बसली आहेत."

पडदा उघडाच राहिला. पुढून आणि मागून लब्बैकचा आवाज एकत्र होत होता, आणि आमच्या डोळ्यांसमोर मात्र अंगणातली कनात उभी होती.

जिद्दाला उतरल्यावर खालांनी हळूच विचारले, "बेटा, मी आरामात आले, माझा सवाब तर कमी होणार नाही ना?" आम्ही म्हणालो, "खाला, तुमची काळजी नाही. काळजी आमची आहे." त्यांना त्याचा अर्थ कळला नाही. मक्केतही दर्जे होतेच. जास्त पैसे भरणाऱ्यांचा मुक्काम हरमजवळ, आम्ही अजीजियावाले बसने ये-जा करणारे. फॉर्म भरताना आम्हीच पैशांचा विचार करून तो रकाना निवडला होता. त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

परतल्यावर जमजम आणि खजूर घेऊन सर्वांत आधी रिक्षावाल्या चाचांच्या घरी गेलो. म्हणालो, "चाचा, त्या दिवशी आम्ही माफी मागितली ती वरवरची होती. आज कनातीसाठी मागतो." चाचा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मास्तर, गोश्त तर दोन्हीकडं एकाच देगेतलं होतं. वाढणारे तेवढे इकडं उशिरानं आले." एवढे बोलून त्यांनी खजुराचा तुकडा तोंडात टाकला. माफ केले, असे ते म्हणाले नाहीत, आणि आम्हीही पुन्हा विचारले नाही.

पुढे नातवाचा अकीका झाला. या वेळी कनात लावली नाही. अंगणभर एकच लांब दस्तरखान अंथरला. खुर्च्याही ठेवल्या, पण गुडघे दुखणाऱ्यांसाठी. दारावर भाचाच होता. एक साहेब नेहमीच्या सवयीने खुर्चीकडे वळले, तसा त्याने अदबीने विचारले, "साहेब, गुडघे दुखतात का?" साहेब हसले आणि दरीवर बसले. आमच्या खाला खुर्चीवर होत्या. आणि शेजारच्या खुर्चीवर, आता सांधेदुखीने रिक्षा सोडलेले चाचा. त्यांच्या ताटात आम्ही आधी वाढले.