कोणी, किती आणि कशासाठी

पुण्यातल्या एका खगोल संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात मी नोकरी करते. ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं देणं-घेणं, असं बाहेर वाटतं. आमच्याकडे मात्र हिशेबाचंच काम जास्त. कुणाच्या बढतीची फाइल निघाली की त्यांचे आजवरचे पेपर, प्रत्येकाची सायटेशन्स आणि शेवटी एच-इंडेक्स, असा तक्ता ग्रंथालयातून जातो. एच-इंडेक्स २० म्हणजे किमान २० पेपर असे, ज्यांचा प्रत्येकी किमान २० वेळा उल्लेख झालाय. होर्खे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये हे माप सुचवलं आणि समित्यांनी ते उचलून धरलं. एका आकड्यात माणूस मावला, की बैठक लवकर आटोपते.

काम नावापासूनच अडतं. खगोलवाले नासाच्या एडीएस या सूचीत शोधतात. तिथे ‘जोशी, एस.’ टाकलं, की सूर्यावर काम करणारे, दीर्घिकांवर काम करणारे, सगळे जोशी एकदम हजर. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे पेपर दोन नावांत विभागलेले असतात. ते जोडेपर्यंत तिचा आकडा विनाकारण कमी दिसतो.

मध्यंतरी बाह्यग्रहांवर, म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांवर, काम करणाऱ्या एका सरांची फाइल आली. त्यांची पद्धत अशी: ताऱ्याच्या प्रकाशाचा वर्णपट पुन्हा पुन्हा घ्यायचा आणि तारा आपल्याकडे किती वेगाने येतोय, किती वेगाने दूर जातोय, ते मोजायचं. भोवती ग्रह असेल तर त्याच्या ओढीने तारा किंचित डुलतो. सरांचा तक्ता सायटेशनप्रमाणे लावला, तर सगळ्यात वर एक भलीमोठी लेखकयादी असलेला पेपर. त्यात सरांचं नाव कुठेतरी मध्यावर. मी विचारलं, “सर, तुमचं मुख्य काम हेच ना?”

ते हसले. “मॅडम, त्यात माझी थोडीशी निरीक्षणं आहेत, एवढंच. खालून तिसरा बघा.”

खालून तिसऱ्याचा निष्कर्ष होता, की इथे ग्रह नाही. मला वाटलं, म्हणजे हाती काहीच लागलं नाही. तेव्हा सरांनी दिदिए केलो यांचं उदाहरण दिलं. मिशेल मायोर आणि केलो यांनी १९९५ मध्ये, फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतल्या निरीक्षणांवरून, ५१ पेगासी या ताऱ्याभोवती सव्वाचार दिवसांत फेरी मारणारा ग्रह जाहीर केला. २०१९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये दोघांना वाटा मिळाला. त्याच केलोंनी सहकाऱ्यांबरोबर २००१ मध्ये लिहिलेल्या एका पेपरचं शीर्षकच आहे, ‘एचडी १६६४३५ ला ग्रह नाही’. त्या ताऱ्याचा वेग ३.८ दिवसांच्या लयीत बदलत होता, पण कारण होतं ताऱ्यावरचे डाग. वर्णरेषेचा आकारही त्याच लयीत बदलतो का, हे तपासलं की असे फसवे ग्रह ओळखता येतात. म्हणून पुढे ग्रह शोधणारे त्या ‘नाही’चा आधार घेत राहिले.

तेव्हापासून मी फाइल करताना सायटेशन मोजून थांबत नाही. उल्लेख करणारे पेपर उघडते आणि नेमकं ते वाक्य वाचते. पुष्कळ उल्लेख प्रस्तावनेतल्या कंसात असतात, सात-आठ नावांच्या रांगेत, वाचल्याचा पुरावा नसलेले. काही पेपर मूळ पेपरातले आकडे घेऊन पुढे जातात. मोजकेच वाद घालतात. २०१३ मध्ये ‘एमसी’ नावाच्या संगणकप्रणालीवर एक पेपर आला. त्यात ग्रहबिह काही नाही, पण मोजमापातली अनिश्चितता काढायला ती प्रणाली सर्रास वापरतात, म्हणून त्याची सायटेशन्स हजारोंनी आहेत.

उल्लेख चुकीसाठीही होतो. अँड्र्यू लाइन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये एका पल्सारभोवती ग्रह असल्याचं ‘नेचर’मध्ये छापलं. नंतर कळलं, की पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेचा हिशेब नीट धरला गेला नव्हता. जानेवारी १९९२ मध्ये अटलांटाच्या परिषदेत लाइन यांनी उभं राहून दावा मागे घेतला आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. तक्त्याला त्या टाळ्या आणि ती चूक यांतला फरक कळत नाही. त्याला दोन्हीकडे ‘एक’ हाच आकडा दिसतो.

पुण्याचाही एक धागा सापडला. कॅप्टन विल्यम जेकब यांनी १८४२ मध्ये पुण्यात खासगी वेधशाळा उभारून जोडताऱ्यांची निरीक्षणं केली. पुढे ते मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले. १८५५ मध्ये त्यांनी लिहिलं, की ७० ऑफियुकी या जोडताऱ्याच्या कक्षेतली गडबड एखाद्या ग्रहामुळे असावी. दावा टिकला नाही. १८६२ मध्ये ते पुण्यातच वारले. पण अदृश्य ग्रह ताऱ्याच्या चालीतून ओळखायचा, हा विचार बरोबर होता.

आता माझ्या तक्त्यात ‘कशासाठी’ असा एक जादा रकाना असतो. सरांच्या खालून तिसऱ्या पेपरसमोर मी लिहिलं: उल्लेख थोडे, पण बहुतेकांनी पद्धत वापरली. हा रकाना भरायला वेळ फार जातो आणि समितीतले सगळेच तो वाचतात असंही नाही.

पीएचडीची मुलं विचारतात, “ताई, एच-इंडेक्स वाढवायचा कसा?” मी सांगते, दुसऱ्याला वापरता येईल असं काहीतरी द्या: स्वच्छ आकडे, चालणारा प्रोग्राम, नीट लिहिलेली पद्धत. आणि खगोलशास्त्रज्ञ ऑटो स्ट्रूव्ह यांचं १९५२ चं दोन पानी टिपण काढून देते. गुरूएवढा ग्रह ताऱ्याच्या अगदी जवळ, साधारण एका दिवसात फेरी मारणारा असू शकेल आणि तो ताऱ्याच्या वेगावरून पकडता येईल, असं त्यात लिहिलंय. पुढची चार दशकं त्याच्याकडे फारसं कुणी फिरकलं नाही. एडीएसवर त्याच्या सायटेशन्सचा सालवार आलेख मिळतो. स्ट्रूव्ह १९६३ मध्ये गेले. त्यांच्या हयातीतल्या उल्लेखांवर कुठल्या समितीने त्यांना बढती दिली असती, ते मुलांनी आलेख बघून आपलं आपण ठरवावं.