मांडणी सगळ्यांची, किल्ली ज्याची त्याची

ईमॅक्स या एडिटरमध्ये आयआरसी, म्हणजे लेखी गप्पांची सोय, लावून द्या म्हणून मुलं येतात, तेव्हा त्यांना घाई असते चॅनेलमध्ये जाऊन पोहोचायची. मी त्यांना आधी पासवर्डापाशी बसवतो. बारामतीत माझ्याकडे शिकणारी बरीच मुलं इंदापूर तालुक्यातली आहेत: लासुर्णे, बेलवाडी, निमगाव केतकी, वालचंदनगर. काही रोज एसटीने ये-जा करतात, काही इथे खोली घेऊन राहतात आणि सुट्टीत घरी जातात. घरी नेट म्हणजे मोबाइलचं हॉटस्पॉट, तेही रानातल्या एखाद्या कोपऱ्यातच धड मिळणारं. तिथे व्हिडिओ अडकतो, आयआरसीची ओळ मात्र निघून जाते.

यार्को ओइकारिनेन यांनी फिनलंडमधल्या ओउलूला ऑगस्ट १९८८मध्ये आयआरसी सुरू केलं. त्यात एका संदेशाला ५१२ बाइटांची मर्यादा आहे. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणून मराठीत बोलायला लागलं की दीडशेच्या आसपास चिन्हांनंतर ओळ तुटते. मुलं त्यामुळे मोजकं लिहायला शिकतात आणि मला ते आवडतं. दुर्गापूरच्या लिनक्स युझर्स ग्रुपने २००८पासून आपलं उन्हाळी प्रशिक्षण आयआरसीवरच चालवलं. शंका असेल त्याने नुसतं उद्गारचिन्ह टाकायचं आणि नंबर येईपर्यंत थांबायचं. ही शिस्त आम्हीही उचलली आहे.

आयआरसीचा ईआरसी हा क्लायंट २००७च्या आवृत्ती २२पासून ईमॅक्सबरोबरच येतो. एका बाजूला प्रोग्राम, दुसऱ्या बाजूला बोलणं, आणि दोन्हीकडे कीबोर्डच्या त्याच कळांनी तीच कामं. एरर जशीच्या तशी उचलून चॅनेलमध्ये टाकता येते, आलेलं उत्तर लगेच फाइलमध्ये उतरवता येतं. व्हॉट्सअॅपवर घरचे लग्नाचे फोटो आणि प्रोग्राम शेजारी-शेजारी वाहत असतात. इथे हातातलं काम आणि त्यावरचं बोलणं एवढंच समोर राहतं.

गेल्या पावसाळ्यात निमगाव केतकीची एक मुलगी घरून जोडायचा प्रयत्न करत होती. घरचा पानमळा आहे, पानं खुडायची घाई असते, संध्याकाळी तासभर मोकळा मिळतो आणि तोही जोडणी तुटण्यात चालला होता. मी म्हटलं, “अगं, तुझी इनिट फाइल पाठव, बघतो.” ईमॅक्सची सगळी मांडणी या फाइलीत असते. बराच वेळ काही आलं नाही. मग फोनवरून काढलेला स्क्रीनचा फोटो आला. त्यात नेमक्या एका ओळीवर तिने बोट ठेवलं होतं. “सर, तिथे पासवर्ड आहे,” तिने खाली लिहिलं. बोट ठेवलं हे तिने अगदी बरोबर केलं. पण चूक त्या बोटाखालीच होती. सर्व्हर, पोर्ट आणि पासवर्ड एकाच ओळीत होते. जोडणी टीएलएसची, म्हणजे बंदिस्त, मागितली होती आणि पोर्ट मात्र जुन्या उघड्या बोलण्याचा, ६६६७. तिथे ६६९७ हवा होता. पासवर्ड झाकण्यासाठी तिला चूकही झाकावी लागली होती.

मी या विषयात जे काही शिकवतो ते या फोटोत आहे. ईमॅक्स वापरणारा माणूस दुसऱ्याची इनिट फाइल वाचून शिकतो. मीही तसाच शिकलो, आणि इथे त्याला दुसरी चांगली शाळा नाही. कुणी चॅनेलच्या याद्या कशा लावल्या, कुणी आल्या-गेल्याचा गोंगाट कसा बंद केला, हे सगळं त्या फाइलीत असतं आणि ती जितकी हिंडेल तितकी सुधारते. तिच्यात एक गुपित शिरलं की फाइलच बंद होते. मग कुणाला विचारता येत नाही, कुणाला देता येत नाही. पासवर्ड बाहेर काढायचा तो चोराच्या भीतीने, हे खरंच आहे. मला मात्र त्याहून मोठं कारण वाटतं ते हे, की उरलेलं सगळं मोकळेपणाने वाटता यावं.

काढून ठेवायचा कुठे, तर ऑथइन्फो नावाच्या फाइलीत, आणि ती जीपीजीने, फक्त आपल्या खाजगी किल्लीने उघडेल अशी, कुलूपबंद करून. फाइलीच्या नावाला शेवटी जीपीजी जोडलं की ईमॅक्स ती जतन करताना आपणहून बंद करतो आणि उघडताना त्या किल्लीचं परवलीचं वाक्य विचारतो. आत दर नेटवर्कला एक ओळ: मशीन, लॉगिन, पोर्ट, पासवर्ड. ईआरसीला त्या ओळीतून हवं ते उचलता येतं. इथे एक बारकावा मी प्रत्येकाकडून करून घेतो. ऑथ-सोर्सेस या यादीत मुळात उघडी ऑथइन्फो आधी येते आणि कुलूपबंद नंतर. ती यादी बदलून फक्त कुलूपबंद फाइल ठेवायची. आणि कुणी आधी उघडी फाइल करून, तिच्यात दुरुस्त्या करून, मग ती काढून टाकली असेल, तर त्या फोल्डरमध्ये शेपटीला नागमोडी चिन्ह असलेली तिची प्रत शोधायची. ईमॅक्स जुनी प्रत अशी मागे ठेवतो. मूळ फाइल गेली तरी पासवर्ड त्या प्रतीत आरामात वाचता येतो.

दर वेळी परवलीचं वाक्य कोण टाइप करणार, असं मुलं विचारतात. जीपीजीचा एजंट ते शेवटच्या वापरानंतर ६०० सेकंद लक्षात ठेवतो आणि कितीही वापरलं तरी ७२०० सेकंदांनी पुन्हा विचारतो. ईमॅक्स स्वतःही उघडलेल्या ओळी ७२०० सेकंद धरून ठेवतो. घरच्या लॅपटॉपवर हे ठीक आहे. लॅबच्या सामायिक संगणकावर खाजगी किल्ली न्यायचीच नाही, हा माझा नियम आहे आणि त्याला अपवाद नाही.

पासवर्ड सर्व्हरला देण्याची रीतही बदलली पाहिजे. जुनी सवय निकसर्व्ह या नावं सांभाळणाऱ्या सेवेला हाताने संदेश पाठवून ओळख पटवायची. त्या आज्ञेत स्लॅशच्या आधी एक मोकळी जागा सुटली की कित्येक क्लायंट तिला साधं बोलणं समजतात आणि पासवर्ड अख्ख्या चॅनेलसमोर पडतो. सॅसल या पद्धतीत ही ओळख चॅनेलमध्ये शिरण्याआधी, जोडणी होतानाच पटते. ईमॅक्स २९पासून ईआरसीत त्याचं मोड्यूल आहे. पासवर्ड हाताने टाइपच होत नाही, त्यामुळे तो चुकीच्या खिडकीत जायचा प्रश्न येत नाही.

प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड कशासाठी, याचं उत्तर २०२१च्या मे महिन्यात मिळालं. फ्रीनोड हे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं जुनं नेटवर्क. त्याच्या मालकीवरून वाद होऊन तिथले स्वयंसेवक बाहेर पडले आणि १९ मेला त्यांनी लिबेरा.चॅट सुरू केलं. हजारो लोकांनी मुक्काम हलवला. फ्रीनोडचा पासवर्ड ज्यांनी फक्त तिथेच वापरला होता, त्यांना फाइलीत एक नवी ओळ घालावी लागली, बस्स. ज्यांचा तोच पासवर्ड ईमेललाही होता, त्यांच्यासाठी तो आठवडा वेगळा गेला असणार.

आता त्या एका परवलीच्या वाक्याविषयी, कारण बाकी सगळे पासवर्ड यंत्राने बनवायचे आणि लक्षात ठेवायचं ते हेच. या भागातून तुकोबांची पालखी जाते, बेलवाडीला रिंगण होतं, मुलांना अभंग तोंडपाठ असतात. साहजिकच एखाद्या अभंगाचं पहिलं चरण वाक्य म्हणून सुचतं. जे लाखो लोकांना पाठ आहे ते फोडणाऱ्याच्या यादीतही असू शकतं, म्हणून मी ते घेऊ देत नाही. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५मध्ये फाशांची पद्धत सांगितली: पाच फासे टाका, पडलेल्या आकड्यांपुढचा शब्द ७७७६ शब्दांच्या यादीतून घ्या. आम्ही चार फाशांपुरती १२९६ शब्दांची मराठी यादी केली. शब्द मुलांनीच जमवले, म्हणून त्यात पाचट आहे, खोडवा आहे, चिपाड आहे. सात शब्द फाशांनी निवडले की शक्यता सहावर एकवीस शून्यं एवढ्या होतात. फासे पडले की शब्द आवडला नाही म्हणून बदलायचा नाही, एवढी एकच अट.

यादी आम्ही रोमन अक्षरांत लिहिली, आणि त्याचं मला वाईट वाटतं. कारण साधं आहे. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. डोळ्याला दोन्ही एकच दिसतात, आतले बाइट वेगळे असतात. एका कीबोर्डवर ठेवलेलं वाक्य दुसऱ्या कीबोर्डवर तसंच टाइप करूनही कुलूप उघडत नाही, आणि परवलीच्या चौकटीत तर नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे चूक कळणारही नाही. गप्पा मात्र आम्ही देवनागरीतच मारतो. आवृत्ती २७मध्ये, २०२०ला, हार्फबझ आल्यापासून ईमॅक्समध्ये जोडाक्षरं नीट दिसतात.

गावाकडे पासवर्ड हा घराचा असतो. एक फोन आई, भाऊ, बहीण सगळे वापरतात. वीजबिलाचं खातं, पीकविम्याचा अर्ज, बँकेचं काम, ज्याला जमतं तो करतो. याला अडाणीपणा म्हणणारे मला पटत नाहीत. आजारी वडिलांचं काम मुलीने करायचं नाही तर कुणी? त्यासाठी जीपीजीत चांगली सोय आहे: एकच फाइल दोन किल्ल्यांसाठी बंद करता येते. घरच्या सामायिक गोष्टींची वेगळी फाइल करायची, ती बहीण-भाऊ दोघांच्या किल्लीने उघडेल. स्वतःची ऑथइन्फो फक्त स्वतःच्या किल्लीने.

निमगाव केतकीच्या त्या मुलीची इनिट फाइल आता आमच्या गटात सगळ्यांकडे आहे. चॅनेलमध्ये आपलं नाव आलं की ओळ रंगवायची तिची जुळणी माझ्यापेक्षा चांगली आहे, मी तीच उचलली. फाइलीत पासवर्ड नाही, पोर्ट ६६९७ आहे.

राहिली ती किल्लीची प्रत. खाजगी किल्ली गेली तर ऑथइन्फो कुणालाच उघडता येणार नाही, अगदी मलाही नाही. म्हणून प्रत्येकाने ती पेनड्राइव्हवर घ्यायची, एक इंदापूरकडे घरी आणि एक बारामतीत खोलीवर. नुसती प्रत घेऊन भागत नाही. दुसऱ्या संगणकावर तात्पुरती चढवून फाइल खरंच उघडते का हे बघायचं आणि मग तिथून ती पुसायची. हा सराव मी दिवाळीच्या सुट्टीआधी घेतो, कारण सुट्टीत लॅपटॉप घरी जातो आणि तिथे तो धाकट्या भावंडांच्या हातात असतो.