दहा नावं आणि तुरटीचा खडा

फिनिक्सच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटात ऑक्टोबरमधल्या परिया दरीच्या बेताची हाक पडली, की तासाभरात अंगठ्यांची रांग लागते. आठवड्याने कोणी विचारतं, "नक्की कोण कोण?" मग उत्तरं येतात: "बघू, सुट्टीचं कळलं की सांगतो." "आम्ही तिघं, बहुतेक चौघं." "भाऊ येतोय पुण्याहून, त्यालाही घेता येईल ना?" कोजागरीच्या कार्यक्रमाला हे सगळं खपून जातं. परियाला खपत नाही, आणि ते आधीच स्पष्ट सांगणाऱ्या आयोजकाला गटात उगाच खडूस ठरवलं जातं.

त्याच्या हातात खरोखर काही नसतं. दरीत मुक्काम करायचा तर परवाना लागतो. दिवसाला फक्त वीस जणांना आत सोडतात, आणि एका गटात दहापेक्षा जास्त माणसं चालत नाहीत. अकरावं नाव म्हणजे दुसरा गट, दुसरा परवाना, आणि ऑक्टोबरात तो मिळेलच असं नाही. सुट्ट्या, मुलांच्या परीक्षा, भारतातून आलेले आईबाबा या अडचणी खऱ्याच असतात. पण "बहुतेक" म्हणून अडवलेली जागा दुसऱ्या कोणाची तरी असते.

परिया दरी यूटात सुरू होते आणि ॲरिझोनात संपते. व्हाइट हाउस ट्रेलहेडपासून कोलोरॅडो नदीकाठच्या लीज फेरीपर्यंत अडतीस मैल, म्हणजे एकसष्ट किलोमीटर. चार दिवस धरावेत. बरेच जण वायर पासकडून बकस्किन गल्चमध्ये उतरून परियाला येऊन मिळतात. बकस्किन ही जगातल्या सर्वांत लांब अरुंद घळींपैकी एक. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात, आणि त्या भिंती शेकडो फूट उभ्या चढलेल्या. तळाशी डबकी असतात. ऊन पोचत नसल्याने त्यांतलं पाणी थंडगार असतं आणि कधीकधी कमरेच्या वर येतं.

अशा वेळी हमखास कोणीतरी म्हणतं, "अरे, सांधण केलीय की आपण!" साम्रदची सांधण दरी केलेल्याला बकस्किनचा फोटो पाहून ती आठवणारच. तीच अरुंद फट, तेच थंड पाणी, दगडांच्या राशीवरून तसंच सावरत उतरणं. सांधणचा दगड काळा बेसाल्ट, इथला तांबूस वाळूचा, एवढाच फरक डोळ्यांना दिसतो. खरा फरक वेगळा आहे. सांधणला दरीच्या तोंडाशी गाव आहे, वाट दाखवणारी गावातली मुलं आहेत, परतल्यावर पिठलं-भाकरी आहे. पावसाळ्यात गावकरीच सांगतात, आता जाऊ नका. तिथला पाऊस डोक्यावरच कोसळत असतो, त्यामुळे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. परियाचं पाणी उगम पावतं ते ब्राइस कॅन्यनच्या बाजूला. तिकडे वळीव कोसळला, तर इकडे स्वच्छ निळ्या आकाशाखाली लोंढा येऊ शकतो. 12 ऑगस्ट 1997 रोजी जवळच्याच पेज गावाशेजारच्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये असाच लोंढा आला. ढग वरच्या अंगाला फुटले होते. अकरा पर्यटक गेले.

म्हणून हवामान पाहायचं ते फक्त पेजचं नाही, ब्राइसचंही, आणि निघण्याच्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा. बकस्किनमध्ये मधे एका ठिकाणी वर चढून बाहेर पडता येतं, पण पाठीवर ओझं घेऊन ते सोपं नाही. "पोचल्यावर बघू" हे वाक्य या घळीत उपयोगाचं नाही.

गाड्यांचा हिशेबही आधीच करावा. दोन टोकांमधलं रस्त्याने अंतर शंभर किलोमीटरहून जास्त आहे. एक गाडी लीज फेरीला ठेवावी लागते, किंवा पोचवणारी गाडी ठरवावी लागते. त्यात आणखी एक गोम: ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, यूटा करतं. ऑक्टोबरात दोघांत एक तासाचा फरक असतो. "सकाळी सातला" म्हणताना कुठले सात, हे लिहूनच घ्यावं.

आता पाणी. माणशी दिवसाला चार लिटर, म्हणजे पाठीवर चार किलो. बकस्किनमध्ये पिण्याजोगं पाणी नाही. खाली परियाला झरे लागतात, पण शेवटच्या वीसेक किलोमीटरमध्ये भरवशाचा झरा नाही. नदीला पाणी असतं, पण ते इतकं गढूळ की महागातला फिल्टर काही लिटरमध्येच तुंबतो. इथे तुरटी लागते. गेल्या पिढीतल्या ज्यांनी पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवलेली पाहिली आहे, त्यांना वेगळं शिकवायला नको. संध्याकाळी मुक्कामाला पोचल्याबरोबर घडीच्या बादलीत नदीचं पाणी भरावं. तुरटीचा खडा चार-पाच वेळा फिरवून काढून घ्यावा. जास्त फिरवली तर पाणी तुरट लागतं. बादली हलवू नये. थोड्या वेळात गाळाचे पुंजके खाली बसायला लागतात. रात्रभर ठेवलं तर उत्तम. सकाळी वरचं निवळलेलं पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओतावं आणि मगच फिल्टर लावावा. तुरटी गाळ बसवते, जंतू मारत नाही. फिल्टरनंतर उकळणं किंवा क्लोरीनची गोळी हवीच. कोलोरॅडोवर तराफ्याने जाणारी मंडळीही वर्षानुवर्षं असंच करत आली आहेत. फिनिक्सजवळच्या चँडलरमधल्या भारतीय दुकानात तुरटी फिटकरी नावाने मिळते. दहा जणांना एक मुठीएवढा खडा चार दिवस पुरून उरतो, आणि त्याचं ओझंही नाही.

मैल्याच्या पिशव्या मात्र माणशी वेगळ्या. ज्याची त्याने परत आणायची. याला लाजून चालत नाही.

ज्यांचं अजून "बहुतेक" चाललं आहे, त्यांनी या खेपेला सरळ नाही म्हणावं. त्यात कमीपणा काही नाही. वायर पासवरून बकस्किनच्या तोंडापर्यंत जाऊन परत यायला साडेपाच किलोमीटर पुरतात, आणि दिवसाच्या फेरीला माणसांची अशी मर्यादा नाही. मधे एक दहा फुटांचा उतार आहे, तेवढा जपून उतरावा. आकाशाचा अंदाज त्याही दिवशी ब्राइसचाच पाहावा.