नाडीचा वळ

त्वचेचा कॅन्सर म्हणजे गोऱ्यांचा रोग, असं आपल्याकडे धरून चालतात. त्यात तथ्य आहे. त्वचेतलं मेलॅनिन उन्हातले अतिनील किरण बरेचसे अडवतं, म्हणून सोलापूरच्या उन्हात जन्म काढलेल्यांनाही तो क्वचितच होतो. माझ्या खालाला झाला तो मात्र जिथं कधी ऊनच लागलं नाही अशा जागी. कमरेवर.

खाला विड्या वळायची. मांडीवर सूप घेऊन दिवसभर वाकून बसायचं आणि परकराची सुती नाडी चाळीस वर्षं एकाच जागी करकचून बांधलेली. (आमच्यातल्या जुन्या बायका साडीच नेसतात, हे पुण्याच्या मित्रांना अजूनही सांगावं लागतं.) त्या जागी आधी काळा वळ पडला, मग पांढरट चट्टा, खाज, खपल्या. मेडिकलवाल्यानं गजकर्णाचं मलम दिलं. दोन वर्षं मलमं बदलत राहिली, जखम काही भरेना. दवाखान्यात चल म्हटलं की तिचं एकच उत्तर, "मरद डाक्टरकू कमर कैसी दिखाना रे?"

हा प्रकार नवा नाही. टाटा मेमोरियलच्या डॉ. व. रा. खानोलकरांनी सूर्याबाई यांच्यासोबत १९४५ साली धोतराच्या घट्ट गाठीखाली होणाऱ्या अशाच कॅन्सरची नोंद केली. पुढे बायकांमध्ये तो दिसला, तेव्हा डॉक्टरांनी त्याला साडीचं नाव दिलं. खरा दोष नाडीचा, बदनाम झाली साडी. सतत घासणं, घाम, पुन्हा पुन्हा होणारी जखम. ती भरून काढता काढता एखाद्या पेशीचा ताळ सुटतो. भाजल्याच्या जुन्या व्रणातही असंच घडू शकतं. नाडीचे बहुतेक वळ वळच राहतात, हेही खरं.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी जखमेचा लहानसा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्टमध्ये लिहून आलं, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. घरात रडारड. कॅन्सर म्हटल्यावर केस जाणार, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलेलं. प्रत्यक्षात केमो लागलीच नाही. भोवतालच्या थोड्या निरोगी कातडीसकट गाठ काढली, कडा साफ आहेत का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, जांघेतल्या गाठींची सोनोग्राफी केली आणि मांडीची पातळ कातडी जखमेवर लावली. आजार गाठींपर्यंत पोचला असता तर मोठी शस्त्रक्रिया, रेडिएशन, सगळंच वाढलं असतं. आता ठरल्या तारखांना तपासणी चालू आहे.

डॉक्टरीणबाईंनी तेव्हा सगळ्यांचे तळपायही बघितले. मेलॅनोमा हा दुर्मिळ पण जास्त घातक प्रकार आपल्यासारख्या सावळ्या लोकांत बऱ्याचदा तळव्यावर किंवा नखाखाली निघतो. वजूत दिवसातून पाच वेळा पाय धुतो आपण, तळवा उलटा करून कोण बघतो? वाढणारा, रंग बदलणारा काळा डाग किंवा महिनाभर न भरणारी जखम असेल तर मलम थांबवून कातडीच्या डॉक्टरांकडे जायचं, असं त्यांनी बजावलं.

खालाच्या परकराला आता सुनेनं चार बोटं रुंद पट्टी शिवली आहे. गल्लीतल्या बायकांनाही ती तशीच शिवून घ्यायला लावते. मागच्या महिन्यात शेजारणीच्या कमरेवरचा चट्टा तिनं स्वतः दार लावून बघितला आणि दुसऱ्या दिवशी तिला रिक्षात घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. नुसता चट्टाच निघाला. रिक्षाचे पैसे मात्र खालानं तिच्याकडूनच घेतले.